थोडं थांबल्यानं

सुलभाकाकूंच्या कपाळावरचे टाके अजून काळेच होते. हायकोर्टाच्या बाकावर मी त्यांच्याकडेच पाहत होते. नव्या प्रभागरचनेची हद्द आमच्या गल्लीच्या मधून गेली, नळ पलीकडच्या प्रभागात पडला, आणि "तुमच्या नगरसेवकाकडं पाणी मागा" म्हणत कुणीतरी भरलेली कळशी काकूंच्या डोक्यात घातली. निवडणुकीआधी ही हद्द रद्द व्हावी म्हणून आम्ही आलो होतो.

महापालिकेचे वकील इंग्रजीत पुढची तारीख मागत होते.

"काय म्हणतोय गं तो?" काकूंनी मला कोपरानं ढोसलं.

"थोडं थांबल्यानं कुणाचं काही बिघडणार नाही म्हणतोय."

शाळेत इंग्रजी मला फार सभ्य भाषा वाटायची. पण सभ्यपणेही डोकं फोडता येतं, फक्त आवाज होत नाही. टेबलावरचा काचेचा ग्लास त्या वकिलांच्या तोंडावर फोडावा असं मला वाटलं, आणि मी ओढणी मुठीत आवळली.

काकू उठल्याच. "मतदान झाल्यावर हद्द पुसून काय चाटायचीय? तोवर आणखी किती डोकी फोडून घेऊ, विचार त्याला!"

शिपाई धावला. मराठी न येणाऱ्या न्यायाधीशांनी त्याला थांबवलं आणि बाई काय म्हणाल्या ते विचारलं. आमचे वकील सारवासारव करू लागले. मी उभी राहिले आणि एकही शब्द मऊ न करता काकूंचं बोलणं इंग्रजीत सांगितलं.

त्या दिवशी महापालिकेला पुढची तारीख मिळाली नाही. सुनावणी सुरू झाली.