विहिरीवरचं चाक

बायांनो, आज सकाळचीच गोष्ट. आमच्या विहिरीवर सायकलचं जुनं चाक मीच बसवलं होतं. त्यावरून दोर सरसर चाले, घागर एका हातानं वर येई. तरी गावानं नावं ठेवली, "बुढीले लोखंडाचा चाळा लागला."

आज चाक गायब. माह्या लेकाच्या सायकलचं वाकलं, म्हणून विहिरीवरचं काढून त्यानं आपल्या सायकलीले लावलं. अमरावतीच्या बाजारात मिरवाचं होतं न. इकडं सून ओल्या दोरानं तळहात सोलून घेऊन राहिली.

मी चाक मागतलं, तर लेक म्हणे, "माय, तुले शौकातलं काय समजते?"

मी पाना घेतला, चाक सोडवलं अन् परत विहिरीवर टांगलं.

"सायकल मोडली न तू."

"मोडली नाही, कामाले लावली."

तुमीच सांगा, माह्या हाताले लोखंड लागलं तर चाळा, अन् त्याच्या हाताले लागलं तर शौक, असं काहून?