रानटीचे कंद

धुलाईखात्यातून ती घरी पोहोचली तेव्हा पाय तिचे राहिले नव्हते. इस्पितळाच्या ओल्या चादरी मशीनमधून उपसायच्या, झटकायच्या, घड्या घालायच्या. बत्तीस वर्षं हेच. दार उघडंच होतं. नवरा स्वयंपाकघरात मन लावून काहीतरी चिरत बसला होता.

"आलीस? बस. आज स्वयंपाक माझ्याकडे. कांदे चिरून झाले."

घरात कांदे नव्हते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ताटलीत रानटीच्या कंदांच्या चकत्या पडल्या होत्या.

रानटी म्हणजे ग्लॅडिओलसच्या भावकीतलं डोंगरी फूल. लालभडक पाकळ्या, पिवळा गळा, त्यावर ठिपके. नवरा सरकारी बागेत हेडमाळी असताना त्यानेच डोंगरावरून पाच कंद आणून अंगणात लावले होते. पाचाचे दोनशे केले. पाणी घालायला एक दिवस उशीर झाला, तर बायकोशी आठवडाभर अबोला धरणारा माणूस! गेली दोन वर्षं मात्र त्याची आठवण धुऊन धुऊन विरलेल्या चादरीसारखी झाली होती.

"खाल्लंत का यातलं?" तिने ताटली ओढून घेतली. हे कंद पोटात जाऊ देऊ नकोस, असं पूर्वी तोच तिला बजावायचा.

"तुझ्याआधी कधी जेवलोय मी?"

तिला ओरडायचं होतं. तेवढं त्राणच नव्हतं. वरच्या मजल्यावर नणंद राहायची. तिला तिने फोन लावला.

"वन्सं, दुपारी बघून जाणार होतात ना?"

"आले होते की, वहिनी! वाफा साफ करतोय म्हणाला. मला वाटलं, आज बरं दिसतंय स्वारीचं."

तिने फोन ठेवला.

अंगणात वाफा पार उकरलेला होता. बहुतेक कंद कुदळीखाली ठेचले गेले होते. मातीत चाचपडून तिने अकरा धड कंद शोधले आणि खड्डे करायला बसली. मागून नवरा आला.

"शेंडा वर ठेव. चार बोटं खोल."

"अहो, हे कशाचे कंद आहेत?"

त्याने एक कंद उचलून बोटांत फिरवून पाहिला. "कांदेच असतील."

तिला हसू फुटलं. मग ते थांबेचना, आणि कधी रडू झालं तेही कळलं नाही.

सकाळी तिने मुकादमबाईकडे यापुढे रोज अर्धाच दिवस काम मागितलं.

"तब्येत बरी नाही का?"

"तब्येतीला काय धाड भरलीय! दमलेय, बाई."

अर्धा दिवस मिळाला. अकरांतले सात उगवले, फुललेही. नवऱ्याने त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. दुपारी ती त्याला शेजारच्या खुर्चीत बसवायची, त्याची बाही मुठीत धरायची आणि तिथेच डुलकी काढायची.