फिके कोपरे आणि शेजारची चक्की

देऊळघाटच्या मोठ्या रस्त्यावर माझं कोरीवकामाचं दुकान आहे. कोरतं ते लेझरचं मशीन, मी कॉम्प्युटरसमोर बसतो. लाकडी ढाली, घरावरच्या पाट्या, विहाराच्या दारावरचं धम्मचक्र, असली कामं. दुकानाला लागून पिठाची चक्की आहे. मधे फक्त एक पत्र्याची भिंत. चक्की चालवतात त्यांना मी भाभी म्हणतो. त्यांचे मालक माझे मित्र होते, भावासारखे. ते गेल्यावर चक्की भाभींनीच हाती घेतली, आणि मालकांपेक्षा त्या बारीक दळतात असं गाव म्हणतं.

मी कमी बोलणारा माणूस. लोक त्याला शहाणपणा समजतात. त्यात लपवणं किती असतं ते माझं मला ठाऊक आहे, म्हणून आता सांगायचं तर सरळ सांगतो.

शाळा उघडायच्या सुमाराला एका शाळेच्या बक्षिसांच्या ढाली करायला घेतल्या होत्या. चित्र बुलढाण्याच्या एका स्टुडिओतून पेनड्राइव्हवर आलं होतं. फाइल माझ्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली तर पडदा कोरा. मोठं करून शोधलं, तेव्हा खालच्या कोपऱ्यात नखाएवढी ढाल सापडली. काढणाऱ्यानं ती इंचात काढलेली, आणि माझं सॉफ्टवेअर मिलिमीटर धरून बसलेलं. फाइल आत घेतानाचं माप बदललं, ढाल फूटभर झाली. मग दिसलं की प्रत्येक रेघ दोनदा आली आहे, एकीवर एक. तशीच सोडली असती तर मशीननं तीच रेघ दोनदा जाळली असती. वरच्या रेघा पुसून टाकल्या. शाळेचे गुरुजी शेजारी स्टुलावर बसून हे सगळं बघत होते.

"तुमाले बरं समजते हो हे," ते म्हणाले.

मला ते फार गोड लागलं.

पहिली ढाल निघाली. लांब रेघा छान खोल गेल्या होत्या, पण बारीक अक्षरं आणि वेलीच्या पानांची टोकं फिकी. जणू तिथं मशीननं नुसती फुंकर मारली होती. गुरुजींनी ढाल उजेडात धरली. "हे असं काऊन आलं?"

मला माहीत नव्हतं. पलीकडे चक्की सुरू होती आणि माझा बल्ब मिणमिणत होता. मी म्हणालो, "चक्की, दुसरं काय. दोघांची लाइट एकाच डीपीवरून येते ना. ती चालू झाली की माझ्या मशीनचा दम जाते."

गुरुजींनी मान डोलावली. आमच्याकडे लाइटीला बोल लावला की कोणी पुढचं विचारत नाही. पण मी लाइटीवर थांबलो नव्हतो, आणि पत्र्याच्या भिंतीतून बोलणं आरपार जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाभी दारात आल्या. कोपरापर्यंत पीठ.

"काऊन हो भाऊ, माह्या चक्कीनं तुमचं काम खराब होऊन राह्यलं?"

"तसं काही नाही भाभी. थोडं व्होल्टेज..."

"मंग बोलाचं ना! भिंतीले काऊन सांगता? तुमचं काम कवा राह्यते? दुपारून ना? मी चारपासून दिवेलागणीपरेंत बंद ठेवत जाईन."

"अहो, ती तर तुमच्या दळणाची वेळ."

"बाया येतीन सकाळी. तुमच्या भावानं तुमाले शेजार दिला, तो काय असा मोडाचा?"

मी जोर लावून नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "बघा बुवा, तुमची मर्जी."

त्या दिवशी चार वाजता चक्की थांबली. भिंतीची थरथर थांबली, बल्ब लख्ख झाला. मी दुसरी ढाल लावली. अक्षरं फिकी, पानांची टोकं फिकी. तेव्हाच उठून पलीकडे जायचं होतं. मी गेलो नाही. पॉवरचा आकडा चढवला. टोकं जरा उमटली, लांब रेघा करपल्या, त्या पॉलिश पेपरनं घासल्या आणि ढाली देऊन टाकल्या. गुरुजी खूश. जाताना भाभींना म्हणाले, "तुम्ही बंद ठेवली म्हणून झालं बरं." भाभी हसल्या.

खरं कारण पोळ्याच्या आधी सापडलं. खराब झालेल्या दोन ढाली एकीवर एक ठेवून बाजूला सारत होतो आणि हात थांबला. एक चक्की चालू असतानाची, एक बंद असतानाची, आणि दोन्हींत फिकेपणा नेमका त्याच जागी. तेच पान, तेच टोक. व्होल्टेज काय दर वेळी एकाच पानावर येऊन पडतं?

मग बसलो आणि एकेक गोष्ट तपासली. भिंग पुसलं, आरसे पाहिले, लेझरची नळी थंड ठेवणारं पाणी पाहिलं. सगळं ठीक. शेवटी पॉवरच्या खिडकीत आलो. तिथं दोन आकडे असतात, एक जास्तीत जास्त पॉवरचा, एक कमीत कमीचा. मशीन सरळ रेघेवर धावतं तेव्हा पहिला लागतो. वळणावर, टोकावर, बारीक अक्षरावर ते हळू होतं आणि दुसऱ्या आकड्याकडे उतरतं. मी आजवर पहिलाच बघत आलो होतो. बाहेरून फाइल घेतली की सॉफ्टवेअर प्रत्येक रेघेला तिच्या रंगाचे आधीच्या कामातले आकडे लावतं, आणि आधी मी लग्नपत्रिकांचे कागद कापले होते. कागदाला पुरणारा तो बारका आकडा लाकडाच्या ढालीला चिकटून बसला होता. मी तो वाढवला, वरचा पूर्वीसारखा केला. ढाल अशी निघाली की टोकांवरून नख फिरवावं.

त्या वेळी चक्की चालू होती.

आनंदानं मी उठलोही होतो. दाराशी जाऊन परत बसलो. काय सांगणार? गावात कॉम्प्युटर समजणारा म्हणून मी. रोहिणखेडपासून लोक फाइल घेऊन यायचे, 'बाकीच्यांकडं उघडत नाही' म्हणत. उद्या सांगू म्हटलं, आणि तसे पुष्कळ उद्या गेले. रोज चारला चक्की थांबायची आणि त्या शांततेत मला काम सुचायचं नाही. वावरातून परतणाऱ्या बाया डबे घेऊन यायच्या. भिंतीतून भाभींचा आवाज यायचा, "सकाळी आणा बाई. भाऊचं काम लय बारीक आहे, त्यायले लाइट पायजे." त्यात तक्रार नव्हती, थोडा अभिमानच होता. सकाळी वावरात जाणाऱ्या बायांना दळण टाकायला कुठली फुरसत? एकेक करून त्या स्टँडजवळच्या चक्कीकडे वळल्या.

संक्रांतीच्या आधी भाभी तिळगुळासाठी वाटीभर गूळ मागायला म्हणून घरी आल्या आणि माझ्या बायकोला सहज म्हणाल्या, "चक्कीची मोटर विकून टाकतो म्हणतो. सांजचं दळणच नाही राह्यलं."

मी आतल्या खोलीत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दोन्ही ढाली घेऊन चक्कीवर गेलो.

"भाभी, चक्कीचा काही दोष नव्हता. माझ्या मशीनमधला एक आकडा चुकला होता. हे बघा, दोन्हीकडं सारखंच फिकं आहे. हिच्या वेळी चक्की चालू होती, हिच्या वेळी बंद."

त्यांनी ढाली घेतल्या, पानावरून बोट फिरवलं. बोटाचं पीठ फिक्या टोकावर राहिलं.

"कवा समजलं तुमाले?"

"पोळ्याच्या आधी."

"आता संक्रांत आली." बराच वेळ त्या चाळणी आपटत राहिल्या. मी माफी मागितली, ती त्यांनी ऐकल्यासारखं दाखवलं नाही. मग म्हणाल्या, "बसा त्या पोत्यावर. आज चारले सुरू करतो. बाया येतीन त्यायले तुमीच सांगा. मी नाही सांगणार. माह्या तोंडानं लय दिवस तुमचंच सांगितलं."

मी बसलो. चारला पट्टा फिरला, आवाज रस्त्यावर गेला. आवाज ऐकून एक म्हातारी डोक्यावर डबा घेऊन आत डोकावली. "काय वं, आज भाऊचं मशीन मेलं का?"

"नाही मावशी," मी म्हणालो. "मशीन चांगलं आहे. चूक माझी होती. चक्की उगाच बंद ठेवली यांनी."

"उगाच?" तिनं डबा उतरवला. "आन् मी थंडीपावसात स्टँडपरेंत तंगड्या तोडल्या त्या? लेकाच्या, बोलाले तोंड नव्हतं तुले?"

"तोंड होतं मावशी. हिंमत नव्हती."

"मंग आता डबा उचल. ओत वर."

मी ज्वारी ओतली. मागून आलेल्या दोघींनाही तेच सांगितलं, त्यांच्याकडूनही तेच ऐकलं. एकीनं विचारलं, "गुरुजीले सांगितलं का?" नव्हतं सांगितलं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन तेही सांगितलं.

सगळ्या बाया परत आल्या नाहीत. काहींना स्टँडची सवय लागली आहे. आठवडाभर मी चारला पोत्यावर बसलो. मग भाभीच म्हणाल्या, "जा आता, तुमचं काम करा. पीठ सांडता तुमी."

मोटर विकली नाही. आता चार वाजता भिंत थरथरते, बल्ब मिणमिणतो, माझं मशीन लाकडात पानांची टोकं खोल काढत असतं. पलीकडून रोज एक हाक येते.

"भाऊ, फिकं आलं का?"

"नाही भाभी."

"मंग बरं. नाहीतर सांगजा, डीपी आहेच!"

आणि बाया हसतात.