कपाळावरची वेळ

आमचं मध्य भारत राज्य मोडून मध्य प्रदेशात जायचं होतं, त्या वर्षी दादा सुट्टीवर माधव नगरच्या घरी आला. छत्रीधारी सैनिकांच्या पलटणीत तो जखमींवर उपचार करणारा शिपाई होता. इतरांसारखीच त्यानंही विमानातून उडी मारायची, आणि खाली कुणी जखमी झालं की त्याला सावरायचं.

दुपारी मला ओसरीवर आडवं करून तो सराव करायचा. स्वतःच्या डोळ्यांवर माझीच ओढणी बांधायचा, कारण अंधारात नुसत्या बोटांनी जखम शोधायला त्यांना शिकवलं होतं. रक्त थांबवायची म्हणून जुन्या धोतराची पट्टी माझ्या दंडावर आवळली जाई, कडुनिंबाची सावली अंगावरून फिरे, आणि आपणच आभाळातून तरंगत खाली येतोय असं मला वाटे.

"किती वाजले?" एकदा त्यानं विचारलं.

"असतील तीन."

तो भडकलाच. "असतील काय? पक्कं सांग! पट्टी जास्त वेळ राहिली तर हात जातो."

जखमी मी, आणि घड्याळ बघायला आत जायचं तेही मीच! बघून आले, तेव्हा त्यानं पेन्सिलीनं माझ्या कपाळावर वेळ लिहिली. पट्टी कधी बांधली ते पुढच्या डॉक्टरला कळावं म्हणून तसंच लिहायचं असतं, म्हणाला.

सुट्टी संपली. निघताना मी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. त्यानं डोळे मिटले आणि हळूच विचारलं, "किती वाजले गं?"

मला वेळ माहीत होती. तरी मी घड्याळ बघायला आत गेले, आणि बराच वेळ तिथंच उभी राहिले.