थंडीत पिकअप उठवणारे काका

वैशाखऱ्याहून मुरबाडला भाजी नेणारे पिकअपवाले काका थंडीत स्वतःचं कांबळं बॉनेटवर टाकून ठेवत. "मला थंडी वाजली तर मी बोलीन. ही बोलल का?" असं म्हणत.

माझ्या परीक्षेच्या पेपरच्या सकाळी एसटी आली नाही, म्हणून त्यांच्या गाडीत बसले. काकांनी पाच वेळा चावी फिरवली, तरी इंजिन धरेना. गाडीत बसलेली भाजीवाली मावशी म्हणाली, "म्हातारी गेली वाटतं रे!" काकांनी चहासाठी आणलेलं गरम पाणी डिझेलच्या पाइपवर ओतलं, तरी गाडी सुरू होईना.

"राहू दे, काका," मी पुटपुटले. "पुढच्या वर्षी देईन पेपर."

"गाडीनं अजून हात टेकले नाय, तुमी कशाला टेकता? उतरा, ढकला!"

मीही मावशीशेजारी खांदा लावला. उतारावर इंजिन काळा धूर सोडत धडधडलं आणि चारचौघांत कधी आवाज न चढवणारी मी मागे धावत ओरडले, "बंद करू नका, काका!"