उलटी फिरलेली मोटर

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा उजवा हात गेला आणि बोलणं अडखळायला लागलं. डोकं मात्र शाबूत होतं. रत्नागिरीच्या बंदरावर त्यांनी सारा जन्म लाँचींची इंजिनं दुरुस्त केली होती. नुसता आवाज ऐकून बिघाड सांगत, आणि त्यावर कोणी वाद घालत नसे. आता एक वाक्य पुरं करायला त्यांना दोन-तीन मिनिटं लागायची. माझा स्वभाव तापट, त्यात अंगात घाई. त्यांचा पहिला शब्द ऐकला की उरलेलं मीच बोलून मोकळा व्हायचो.

१९९९ साली मी घराला लागून गॅरेज काढलं. रिक्षांना रंग मारायचा तर कंप्रेसर हवा, आणि नव्याची ऐपत नव्हती. सावर्ड्याला हायवेवरचा एक टायरवाला धंदा बंद करत होता, त्याचा जुना कंप्रेसर टेंपोत घालून आणला. मोटर जळलेली, पट्ट्याच्या चिंध्या झालेल्या. बाबा त्या दिवसापासून रोज सकाळी खुर्ची मांडून माझ्याजवळ बसायला लागले. आजारपणात वाढलेली दाढीही त्यांनी काढून घेतली. आपण अजून उपयोगाचे आहोत, हे त्यांना त्या लोखंडात दिसत होतं. हे मला कळत होतं, म्हणून आज जास्तच लागतं.

कंप्रेसरच्या हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातल्या, व्हॉल्व्हच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या त्यांनी डाव्या हाताने काचेवर घासून साफ केल्या. त्याला चार दिवस लागले आणि मी चारही दिवस कुरकुरलो. जळलेल्या मोटरमध्ये तांब्याची तार नव्याने भरून आणली, पट्टा नवा घातला. थ्री फेजच्या तारा स्टार्टरला मी जोडल्या.

पहिलं गिऱ्हाईक रिक्षा घेऊन दारात उभंच होतं. बटण दाबलं, टाकीवरचा हवेच्या दाबाचा काटा चढायला लागला. मी खूश. बाबा मात्र खुर्चीतून उठले, मोठ्या पुलीच्या पुढे तळहात धरला, मग मागे धरला. त्यांचा चेहरा बदलला.

"पु... पुली..."

"पुली घट्ट आहे, बाबा."

"नाय... पुली... उ..."

"होय हो, कळला मला! बसा तुमी आता. माणूस खोळंबलाय."

गिऱ्हाइकासमोर मी त्यांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं.

दुपारपर्यंत जळक्या तेलाचा वास सुटला आणि कंप्रेसर जाम झाला. रिक्षा अर्धी रंगलेली. दुसऱ्या दिवशी हेड घेऊन शहरातल्या, बाबांना ओळखणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. काळे पडलेले व्हॉल्व्ह पाहून तो म्हणाला, "मोटर उलटी फिरवलीस काय रे?" पुलीचे आरे पंख्यासारखे असतात, त्यांनी हेडवर वारा मारायचा असतो. मोटर उलटी फिरली तरी टाकी भरते, म्हणून चूक दिसत नाही; हेड मात्र तापत राहतं. दोन तारांची अदलाबदल केली की मोटर सुलट फिरते, एवढंच काम होतं.

"बापूस घरात असताना माझ्याकडे आलास होय?" मिस्त्री म्हणाला.

कंप्रेसर दुरुस्त केला, तारा बदलल्या, आणि बाबांसमोर जाऊन बसलो. "त्या दिवशी काय सांगत होतात? सांगा, मी थांबतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डावा हात हलवला आणि तोंड फिरवलं. गॅरेजमध्ये ते परत आले नाहीत. माझ्याशी बोलणं पाण्यापुरतं, औषधापुरतं उरलं.

आईशी मात्र बोलायचे. मागच्या दारी ती मासे साफ करत बसे आणि ते शेजारी. एकदा संध्याकाळी काम आटपून मी पाणी प्यायला घरात आलो, तर बाबांचा आवाज ऐकू आला. मी दाराआड थांबलो.

"त्याच्या... मोटरचा..."

आई म्हणाली, "सावकाश सांगा. मला कुठं जायचाय?"

"बे... बेअरिंग... जातंय. आवाज... बदललाय. त्याला... सांग."

सगळं मिळून पाच मिनिटं गेली असतील. मी शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं. झटक्यानंतर बाबांचं मी पुरं ऐकलेलं ते पहिलं वाक्य, आणि ते बाबा मला सांगत नव्हते.

पुढे होऊन त्यांच्याशेजारी बसायला हवं होतं. मला धीर झाला नाही. मी आलो तसा मागे फिरलो आणि बेअरिंग बदलायला घेतलं.