मायनं सांगितलेले पिच्चर

माझे वडील हसले की अर्धा तंबू त्यांच्याकडं बघून हसायचा. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. उन्हाळ्याच्या तोंडी, ऊसतोडीला गेलेली माणसं गावात परतली की आमच्याकडं टुरिंग टॉकीजचा तंबू पडायचा. कुंभार पिंपळगावचा बाजार करून येणारे आधी खबर आणायचे आणि मग बैलगाडीला भोंगा बांधून गावभर पुकारा व्हायचा. तंबूत मधोमध एक दोर बांधलेला असे. दोराच्या अलीकडं बाप्ये, पलीकडं बायका. मी लहान, मायच्या मांडीला टेकून बसायचे आणि पलीकडून आबांचं हसू ऐकायचे. आधी बारीक खोकल्यासारखा आवाज, मग एकदम धबधबा.

तेव्हाच्या पिच्चरमध्ये हसण्याला फार जागा नसायची. नायिकेचे हाल चाललेले असायचे, सासू छळायची, सावकार छळायचा, आणि मधेच कुणीतरी बावळट नोकर येऊन दोन मिनिटं हसवून जायचा. तो गेला की परत रडणं. आबा त्या दोन मिनिटांसाठीच जायचे. घरी येताना म्हणायचे, "त्या नोकराचाच पिच्चर काढायला पाह्यजे होता. बाईचं रडणं घरोघर हाये."

मी तिसरीत असताना आबांना मुदतीचा ताप आला. अंगात काही उरलं नव्हतं. ताप उतरला आणि ते उठून बसले तेव्हा मायनं विचारलं, "भाकर खाता का?" आबा तिच्या तोंडाकडं बघत राहिले. तिनं परत विचारलं, मोठ्यानं. मग अजून मोठ्यानं. शेजारची माणसं धावत आली, पण आबांपर्यंत आवाज पोचला नाही. अंबडच्या डॉक्टरांनी तपासलं आणि जीव वाचला हेच मोठं समजा म्हणाले. कानाशी ढोल वाजला तर छातीत काहीतरी धडधडतं, एवढंच आबांना कळायचं. बोलता त्यांना येत होतं, पण आपला आवाज किती मोठा आहे ते समजत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात तंबू आला. आबा जायचं नाही म्हणत होते, सोबत्यांनी ओढून नेलं. तोवर पिच्चरची तऱ्हा बदलली होती. आता नोकरापुरता विनोद राहिला नव्हता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळा पिच्चरच हसण्याचा. शहरातली दोन बेकार पोरं, भाड्याची खोली, खोटं नाव सांगणं, एकानं लुगडं नेसून दुसऱ्याची बायको होणं. आणि बोलणं इतकं भरभर, की लोकांचं हसू संपायच्या आत पुढचा विनोद निघून जायचा. तंबू लोटपोट होत होता. मी दोराखालून पलीकडं बघितलं. आबा शेजाऱ्यांच्या तोंडाकडं बघत होते. ते हसले की मग आबा हसत होते. सगळे थांबले तरी त्यांचं हसू एकटंच चालू राहायचं आणि मग त्यांच्या लक्षात यायचं.

मायनंही ते बघितलं होतं.

माझी माय म्हणजे चारचौघांत तोंड न उघडणारी बाई. हसली तर पदर तोंडावर. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा चुलीपुढं चहा पीत बसले होते. मायनं भाकरीचं पीठ मळता मळता हात थांबवला, उठली, पदर खोचला आणि पिच्चरमधल्या त्या भाडेकरू पोरासारखी दारातून आत आली. छाती फुगवून, एक खांदा वाकडा करून. आबांनी कप खाली ठेवला. माय तोंड मोठं मोठं करून, सावकाश बोलायला लागली, म्हणजे त्यांना ओठांवरून कळावं.

"घरमालकीण इचारती, तुमच्या घरी कोण कोण असतं?" मग वळून पोराचं तोंड केलं. "त्यो म्हणतो, घरी मी असतो. अन् मी नसलो का कुलूप असतं!"

आबांना कळायला क्षणभर लागला. मग तोच खोकल्यासारखा आवाज, आणि धबधबा. मायचे हात पिठानं माखलेले होते, ती तशीच उभी राहून त्यांच्याकडं बघत होती. मी तिला इतकी खूश कधी पाहिली नव्हती.

तेव्हापासून आमच्या घरी प्रत्येक पिच्चर दोनदा व्हायला लागला. एकदा तंबूत, एकदा चुलीपुढं. पुढं पुढं माय तंबूत अगदी दोराला चिकटून बसायला लागली आणि आबा पलीकडून तसेच. पडद्यावर कुणी काही बोललं की आबा पडद्याकडं न बघता तिच्याकडं बघायचे. ती ओठ हलवायची, डोळे फिरवायची, आणि आबा हसायचे. बायका कुजबुजायच्या, "पिच्चर सोडून नवऱ्याकडं बघून राह्यली बाई!" माय ऐकून घ्यायची.

गणपतीत भाड्याचा व्हिडिओ यायला लागला तेव्हा आम्ही एका जागी बसू लागलो. पडण्या-आपटण्याचे, पळापळीचे प्रसंग आबांना आपोआप समजायचे. तिथं मायला विश्रांती. बोलण्याचा विनोद आला की ते तिच्या गुडघ्याला हात लावायचे. नंतरच्या काळात पिच्चर वाह्यात होत गेले, एका शब्दाचे दोन अर्थ. बाप्ये शिट्ट्या मारायचे. आबा विचारायचे, तेही मोठ्यानं, "काय म्हणला गं?" माय लाजून मान फिरवायची. "कायी न्हाई म्हणला." तिचं लाजणं बघून आबांना सगळं कळायचं आणि ते तिच्या लाजण्यालाच हसत बसायचे.

मग घरात टीव्ही आला. एका रविवारी दुपारी कुठलातरी जुना, परदेशातला मुका पिच्चर लागला. काळा-पांढरा. शिडीवरून घसरणारी माणसं, फिरत्या दाराशी झगडणारा एक जाडा पाहुणा, हातातून सुटणारी ताटं. कुणी बोलतच नव्हतं. आबा आम्हा सगळ्यांच्या आधी हसले. कुणाच्या तोंडाकडं बघितलं नाही, मायच्या गुडघ्याला हात लावला नाही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. माय उठून चहा ठेवायला गेली.

मी मागं गेले. "काय झालं गं?"

"काय होतंय? आज मला कायी कामच न्हाई," ती म्हणाली आणि हसली. पण चहात साखर टाकायची राहिली होती.

माझं लग्न झालं, मी जालन्याला आले. त्यानंतर काही वर्षांनी मायचं पोट दुखायला लागलं. अंगावर काढलं तिनं. तपासण्या झाल्या तोवर दुखणं यकृतापर्यंत गेलं होतं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. शेतात जोंधळा हुरड्याला आला होता. तिला हुरडा आवडायचा, पण घोटभर पाणीही पोटात राहत नव्हतं.

एका दुपारी ती आबांकडं वळून ओठ हलवत म्हणाली, "आता तुमी सांगा एखादा पिच्चर."

आबा उठले. साठीचा माणूस. धोतराचा सोगा खोचला, एक खांदा वाकडा केला आणि दारातून आत आले. हुबेहूब मायसारखे. त्यांनी ते पात्र तिच्याच अंगात बघितलं होतं ना. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "घरी मी असतो! अन् मी नसलो का कुलूप असतं!" माय पोट धरून हसली. हसताना तिला कळ यायची, तरी हातानं खुणवायची, अजून सांगा. आबांनी त्याच पिच्चरमधला, मायनंच कधीतरी सांगितलेला छत्रीवाल्याचाही विनोद सांगितला. गिऱ्हाईक विचारतं, छत्री गळती का? दुकानदार म्हणतो, पाऊस न्हाई आला तर बिलकुल गळत न्हाई. मी दाराआड उभी राहून तोंडात पदर कोंबला होता.

त्याच आठवड्यात माय गेली.

आबांनी टीव्ही लावणं सोडून दिलं. पुढं आमच्याकडं जालन्यात कानाच्या तपासणीचं शिबिर झालं तेव्हा मी त्यांना जबरदस्तीनं आणलं. आता नवी यंत्रं आली आहेत, थोडंफार ऐकू येईल, असं तिथले डॉक्टर म्हणाले. यंत्र बसवून घरी आलो आणि कुकरची शिट्टी झाली तसे आबा दचकून उठले. मग दिवसभर ते घरातून फिरत राहिले. नळ सोडून बघायचे, दार आपटून बघायचे. बोललेलं तुटक तुटक कळत होतं, पण कळत होतं.

संध्याकाळी मला म्हणाले, "त्यो पिच्चर मिळंल का? कुलूपवाला. तुझी माय सांगायची त्यो."

दुसऱ्या दिवशी सीडीच्या दुकानात जाऊन मी गोष्ट सांगितली, दुकानदारानं लगेच ओळखला. दुपारी आबा टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची घेऊन बसले. तो प्रसंग आला. घरमालकिणीनं विचारलं आणि त्या पोरानं उत्तर दिलं. मुंबईतल्या कुठल्यातरी भागाचं नाव आणि एक इंग्रजी शब्द, दोन्हींची सांगड घालून केलेला विनोद. मलाही तो त्या दिवशीच, शहरात इतकी वर्षं काढल्यावर समजला.

"मागं घे," आबा म्हणाले.

मी मागं घेतलं. परत तेच.

"अगं, कुलूप कुठं गेलं?"

मी पिच्चर पुढं पळवला. छत्रीच्या दुकानात तर कुणी बोलतच नव्हतं, नुसतं संगीत वाजत होतं आणि गिऱ्हाईक छत्री उघडझाप करत होतं. आबा माझ्याकडं वळले, आणि तेव्हा कुठं मला उमगलं. मायला ते शहरातलं भरभर बोलणं समजत नव्हतं. कधीच समजलं नव्हतं. सबंध तंबू हसायचा आणि ती कोऱ्या चेहऱ्यानं बसायची, आणि सकाळपर्यंत आबांसाठी स्वतःच काहीतरी रचायची.

आबांनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. "आता लाव परत," म्हणाले. तो प्रसंग त्यांनी आवाजाविना बघितला. त्या पोराचं तोंड हलायला लागलं तसे आबांचेही ओठ हलले. नंतर त्यांनी टॉवेल तोंडावर घेतला.

सकाळी मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले. अंबडची गाडी लागली होती, गर्दी होती. यंत्र त्यांच्या खिशातच होतं. आबाच बोलले, नेहमीच्या मोठ्या आवाजात. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

"एवढे पिच्चर बघितले आमी. तिला कधी इचारलंच न्हाई बघ, तुला कोणता आवडला म्हणून."

कंडक्टरनं घंटी मारली. मी पिशवी खिडकीतून आत दिली आणि गाडी सुटली.